एका दिवसाची शोशो

बबूनची नजर चपात्यांच्या डब्यावर होती, गथोनीची नजर बबूनवर होती, आणि दोघांपैकी कुणीच मागं पाहत नव्हतं. डबा पोटाशी घट्ट धरून ती एकेक पाऊल उलटी सरकत होती. चांगलं थोराड नर माकड होतं, कुत्र्यासारखं लांब तोंड, आणि चेहऱ्यावर असा भाव की डबा मुळात त्याचाच, हिच्याकडे फक्त जरा वेळ ठेवायला दिला होता. तेवढ्यात तिची पाठ कुणाच्या तरी छातीवर आदळली.

"हलू नका," मागून आवाज आला.

आणि तिच्या डोक्यावर फाटदिशी छत्री उघडली. लालभडक, चांगली दोघांना पुरेल एवढी. बबूननं काठ्या पाहिल्या होत्या, दगड पाहिले होते, ड्रायव्हरांच्या शिव्या तर रोजच्याच. पण फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात कुणी आपल्या तोंडावर छत्री उघडेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो दोन उड्या मागं सरला आणि अभयारण्याच्या फाटकाशी उभ्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीच्या टपावर जाऊन, काही घडलंच नाही अशा थाटात पाठ खाजवत बसला.

"पाऊस कुठंय?" गथोनीनं वळून विचारलं. आभार मानायचे सोडून तोंडातून हेच निघालं.

"आई म्हणते, ढग नसले तरी छत्री असावी. आज पहिल्यांदाच तिचं खरं झालं." तो उंच होता, आणि हसला की पुढच्या दोन दातांमधली फट दिसत होती. "डब्यात काय आहे एवढं?"

"चपात्या. आत्याच्या हातच्या."

"मग माकडाचं काही चुकलं नाही."

ती हसली. गथोनी या नावाचा अर्थच मुळी लाजाळू. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत. ओल कलाऊच्या दूध केंद्रावर ती रोज सकाळी उभी असते, आणि पाणी घातलेलं दूध कुणाचंही असो, अगदी चर्चमधल्या वडीलधाऱ्याचं असलं तरी चारचौघांत परत पाठवते. त्यामुळे तिकडचे पुरुष तिच्याशी जपून बोलतात. हा जपून बोलत नव्हता, आणि तिला त्याचा रागही येत नव्हता. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. छत्री अजून दोघांवर तशीच होती... मिटायची आठवण त्याला झाली नाही आणि तिनंही ती करून दिली नाही.

तेवढ्यात बाभळीच्या सावलीतून हाक आली.

"बायको... अगं ए बायको. चहा गार झाला. किती वेळ त्या माकडाशी बोलत उभी राहणार आहेस?"

छत्रीवाल्यानं हाकेच्या दिशेनं पाहिलं. घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. ऐंशीच्या पुढचा, तपकिरी कोटाची सगळी बटणं लावलेली, हात काठीवर. मग त्यानं गथोनीकडे पाहिलं. मग परत म्हाताऱ्याकडे. मनातल्या मनात वजाबाकी करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिला तिथल्या तिथं दिसलं.

"हे तुमचे...?"

एरवी तिनं एका वाक्यात सगळं उलगडून सांगितलं असतं. आज नेमकं तेच करता येत नव्हतं.

गोष्ट अशी होती. गथोनीच्या माणसांत थोरल्या लेकाला पहिली मुलगी झाली, की नाव शोधत बसावं लागत नाही. लेकाच्या आईचंच नाव तिला मिळतं. आणि नाव म्हणजे नुसतं नाव नव्हे, त्याबरोबर सगळं नातंही येतं. म्हणून गथोनीचे वडील तिला पाळण्यात असल्यापासून आई म्हणतात, आणि रागावले तरी "आई, आता गप्प बस" असंच रागावतात. वांगुई आत्या तिच्याकडे माहेरपणाचा हक्क सांगते. आणि आजोबा, ज्यांना सगळं घर गुका म्हणतं, ते तिला बायको म्हणतात. खरी गथोनी, म्हणजे आजी होती, तेव्हा ती म्हणायची की ही धाकटी सवत घरात आली आणि माझ्या चहातली साखर कमी झाली. थट्टा इतकी रोजची झाली होती, की घरात त्यावर कुणी हसतसुद्धा नसे.

आजीला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. तिला रोहित पक्षी बघायचे होते. ओल कलाऊहून नाकुरूचं तळं काही लांब नाही, घाट उतरला की आलंच. पण गुका दर वर्षी म्हणायचे, बटाटे काढून होऊ देत, मग जाऊ. बटाटे निघायचे, मग गाय व्यायला व्हायची, मग कुणाचं तरी लग्न निघायचं. शेवटी एकदाचं नेलं, तर तळ्याला एवढं पाणी चढलेलं, की पक्षी दुसऱ्याच तळ्यावर निघून गेलेले. आजी नुसतं पाणी बघून परत आली. "तुमची वाट बघून कंटाळले असतील," एवढंच म्हणाली. त्याच वर्षी तिनं अंथरूण धरलं, ते काही सोडलं नाही.

यंदा पक्षी परत आल्याचं कानावर आलं, तसं गुकांनी भाड्याची मातातू व्हॅन सांगितली आणि सगळ्या घराला तीत बसायचा हुकूम सोडला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गथोनीला गोठ्यापाशी गाठलं. तेव्हा आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

"उद्या दिवसभर तू तीच हो," ते म्हणाले. "नात म्हणून येऊ नकोस. मला तिला ते पक्षी दाखवायचेत."

गथोनीनं होकार दिला होता. आणि सकाळी वांगुई आत्यानं चपात्या बांधताना तिला बजावलं होतं, की लग्नातला कोट काढलाय त्यांनी पेटीतून, आज त्यांचं मन मोडू नकोस.

आता गुका कान टवकारून बसले होते. हा उंच माणूसही उत्तराची वाट बघत होता, आणि मधे ती.

"आमचे हे," गथोनी म्हणाली.

म्हणताना तिनं डोळ्यांनी जमेल तेवढा मिश्किलपणा दाखवला. पण तो हसला नाही. त्यानं छत्री मिटली, गुकांपाशी जाऊन दोन्ही हातांत त्यांचा हात घेऊन अदबीनं नमस्कार केला, स्वतःचं नाव सिमियू असल्याचं सांगितलं, आणि मग गथोनीकडे वळून मान लववली.

"म्हणजे तुम्ही आमच्या शोशो झालात. माफ करा हं शोशो, मघाशी धक्का लागला."

शोशो म्हणजे आजी. गथोनीला अजून तिशीही लागली नव्हती. तोंडात आलेला शब्द तिनं गुकांनी पुढं केलेल्या गार चहाच्या घोटाबरोबर गिळला.

सिमियूची माणसं शेजारच्याच झाडाखाली बसली होती. त्याच्या बहिणीला आदल्या दिवशी जवळच्या विद्यापीठात पदवी मिळाली होती, आणि त्या आनंदात किटालेहून आलेलं सगळं खटलं तळं बघायला निघालं होतं. त्यांच्याकडे दोन मोठी पातेली भरून कोंबडी होती. त्याची आई नेलिमा गुकांच्या वयाला मान म्हणून एक वाडगं घेऊन आली. वांगुई आत्यानं तिला चपात्या दिल्या. ती म्हणाली, तुम्ही लोक चपातीतही बटाटे घालता की काय. आत्या म्हणाली, तुमच्यात कोंबडी बिचारी म्हातारी होऊन मरते असं कधी ऐकलं नाही. एवढ्यावर दोघींचं गूळपीठ जमलं. मग तळ्याकाठी सगळ्यांनी मिळूनच जायचं ठरलं, आणि गुकांनी फर्मान काढलं की हा छत्रीवाला मुलगा आपल्या गाडीत बसेल, खड्ड्यांत आपल्याला धरायला कुणीतरी दणकट हवं.

गाडीत गुका मधे, एका बाजूला गथोनी, एका बाजूला सिमियू. रस्ता पिवळ्या खोडांच्या झाडांमधून जात होता. जिराफ दिसले, गवतात बसलेले दोन गेंडे दिसले. गथोनीनं मात्र त्यातलं काहीच नीट पाहिलं नाही. कारण सिमियू तिची काळजी घेत होता.

शोशो, वारा लागत असेल तर काच लावू का. शोशो, पाय लांब करा, गुडघे दुखतील. आत्यानं उकडलेली कणसं वाटली, तेव्हा त्यानं एक हातात घेऊन गंभीरपणे विचारलं, "दाणे सोडवून देऊ का? दातांना झेपेल ना?"

"माझे सगळे दात शाबूत आहेत," गथोनी दात-ओठ खाऊनच म्हणाली.

"देवाची कृपा. या वयात."

"कोणत्या वयात?"

"ते मी कसं विचारणार? आमच्यात थोरामोठ्यांना वय विचारत नाहीत."

गुकांच्या पोटापासून एक हुंकार आला. तो खोकला होता की हसू, कळलं नाही. गथोनी खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीच्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो तिच्याचकडे बघत होता... ती पटकन समोर बघायला लागली. तिच्या मनाची चमत्कारिक ओढाताण चालली होती. एकीकडे प्रत्येक शोशोसरशी तिचा जळफळाट होत होता. दुसरीकडे पुढची शोशो कधी येते, याकडे कान लागले होते. एक मिनिट, फक्त एक मिनिट हा माणूस एकटा सापडायला हवा, म्हणजे सांगून टाकीन, असं ती घोकत होती. पण गुकांनी गाडीत चढताना तिचं मनगट धरलं होतं, ते अजून सोडलं नव्हतं.

मग गुकांनी सिमियूची चौकशी आरंभली. काम काय, तर शेतावर सौर पंप बसवायचे. नाव कुणाचं, तर आजोबांचं. गुका "हं" म्हणाले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, की आपण या बायकोला कसं मिळवलं. तिच्या बापाच्या रानात खणायला जायचं निमित्त काढलं. एकटेच नव्हते, आणखी चार दांडगे उमेदवार होते, सगळे आपल्यापेक्षा उंच.

"मग शोशोंना तुम्हीच कसे पसंत पडलात?" सिमियूनं विचारलं.

"ते तिलाच विचार."

गथोनीला ही गोष्ट पाठ होती. आजीनं चुलीपाशी बसून ती इतक्यांदा सांगितली होती, की कुठं थांबून हसायचं तेही ठाऊक होतं. तिनं आजीच्याच लयीत सुरुवात केली.

"ते चौघं चांगलेच होते. उंच होते, खणायचे पण भराभर. पण मी बोलायला लागले की ते खणता खणता ऐकायचे. एकीकडे ढेकळं फुटताहेत, एकीकडे हं हं चाललंय. हे मात्र कुदळ खाली ठेवायचे. मी बोलेपर्यंत उचलायचे नाहीत. बाबा ओरडायचे, की या पोराचं काम सगळ्यांत मागं..."

आणि ती अडखळली. सिमियू थर्मासमधून गुकांसाठी चहा ओतत होता. त्यानं कधी हात थांबवला, कधी थर्मास पायाशी ठेवला आणि कधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो ऐकत बसला, हे त्याचं त्यालाही कळलेलं दिसत नव्हतं.

"मग?" तो म्हणाला. या वेळी शोशो म्हणाला नाही.

"मग काय," गथोनी म्हणाली. तिच्या कानशिलांत ऊब चढली होती. "मग... झालं लग्न."

काठावर गाडी थांबली तेव्हा आधी वास आला. खारट, नासक्या अंड्यांचा. मग आवाज आला, लग्नघराच्या मागच्या अंगणात बायका बोलत असाव्यात तसा, अखंड आणि खालच्या पट्टीतला. आणि मग ते दिसले.

काठाला लागून गुलाबी रंग पसरला होता, डाव्या हाताला जिथवर नजर जाई तिथवर, उजवीकडे बुडालेल्या झाडांच्या वाळक्या खोडांपर्यंत. जवळ गेल्यावर त्या रंगातून एकेक पक्षी वेगळा होत गेला. काडीसारखे पाय, माना खाली, चोची उलट्या पाण्यात. बटाटे वेचणाऱ्या बायांसारखे सगळे वाकून कामाला लागलेले होते. कुणी यांना बघायला आलंय, याचं त्यांना काही नव्हतं. मधूनच एखादी रांग मान वर करून, इकडे तिकडे बघत, झपझप चालायला लागे, आणि तितक्याच अकारण थांबे.

गुका काठीवर भार देऊन पांढऱ्या खारट मातीवर उभे राहिले. गथोनीचा हात त्यांच्या हातात होता. बाकी मंडळी आपोआप चार पावलं मागं राहिली. सिमियूही मागं थांबला.

गुका डावीकडून उजवीकडे सावकाश बघत गेले. मग एक थवा पाण्यावरून धावत सुटला आणि उठला. पंखांखालचा लाल रंग आणि काळी किनार एकदम उघडी झाली, आणि तो रंग त्यांच्या डोक्यावरून निघून गेला.

"बघितलेस?" गुकांनी विचारलं.

"बघितले," गथोनी म्हणाली.

"मला उशीर झाला गं."

 आजी या वेळी काय म्हणाली असती, ते तिला शोधावं लागलं नाही. "पक्षी आलेत ना? आपण आलोय ना? मग झालं तर."

गुकांनी मान हलवली. मग नाकाला रुमाल लावला. "पण तुला हा वास सोसला नसता. तू इथून सरळ गाडीत जाऊन बसली असतीस."

"बसलेच असते," गथोनी म्हणाली, आणि दोघं हसले. गुकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खुशीत होते. ती त्यांच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मागून नेलिमाची हाक आली. किटाले लांब आहे, निघायला हवं. अभयारण्याचं फाटक बंद व्हायच्या आत बाहेर पडायला हवं. माणसं गाडीकडे वळली. निरोपाचे आवाज, डबे कुणाचे कुणाकडे गेले त्याची शोधाशोध. सिमियू पुढं आला. गुकांचा हात त्यानं पुन्हा दोन्ही हातांत घेतला. मग तो गथोनीसमोर थांबला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"येतो, शोशो. यांना जपा."

"मला तुम्हाला एक..." गथोनी म्हणाली, आणि थांबली.

गुकांचा हात तिच्या हातात होता. सुरकुतलेला, हलका, आज दिवसभर सुखात असलेला हात. त्यांच्यासमोर ती कसं म्हणणार होती, की मी यांची कुणी बायको नाही? जिला दाखवायला ते आले होते ती केव्हाच गेली, हे आज, या क्षणी, या पक्ष्यांसमोर?

"सुखरूप जा," ती म्हणाली.

तो गेला. सावकाश, खारट मातीवर पावलं उमटवत. तिनं त्याच्या पाठीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिली. डोळे चुरचुरायला लागले. किटालेत सौर पंप बसवणारे सिमियू किती असतील, आणि कुणाला विचारायचं? विचारलं तरी काय सांगायचं, की ती म्हाताऱ्याची बायको चौकशी करतेय? आपण रोज सकाळी लोकांच्या दुधातलं पाणी पकडतो, आणि आज स्वतःच एवढं पाणी घालून बसलो.

"माझा हात दुखायला लागला," गुका म्हणाले.

तिनं पकड सैल केली. आपण किती घट्ट धरलं होतं, ते तिला कळलंच नव्हतं.

"माझ्या बायकोला पक्षी दाखवायचे होते, दाखवले," गुका पाण्याकडे बघत म्हणाले. "तिनं बघितले. आता दमली असेल ती, निजू दे तिला. तू कोण गं, इथं उभी?"

गथोनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची नात."

"मग नातीनं म्हाताऱ्याचा हात धरून इथं काय करायचं? तो पोरगा गाडीपर्यंत पोचला बघ."

पुढचं गथोनीला नीट आठवत नाही. आत्याला मात्र चांगलं आठवतं आणि ती ते सगळीकडे सांगत असते. गथोनी धावली. वरून कडक दिसणारी पांढरी माती चार पावलांवर पायाखाली भसकन फुटली, एक चप्पल चिखलात राहिली, आणि ओल कलाऊच्या दूध केंद्रावरची ती करारी बाई एका चपलेनं, पोटरीपर्यंत काळ्या चिखलानं माखून, अख्ख्या किटालेकरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी त्यांची बायको नाही," ती धापा टाकत म्हणाली. "मी त्यांची नात आहे. आमच्यात ना... आजीचं नाव ठेवतात, आणि मग सगळे तसंच... तुमच्यात नसेल हे, म्हणून तुम्हाला वाटलं असेल..."

गाडीतली सगळी डोकी खिडक्यांकडे वळली. मग मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं.

"आमच्यात नसेल?" नेलिमा खिडकीतून म्हणाली. "पोरी, याची आजी याला जन्मल्या दिवसापासून नवरा म्हणते. शाळेतून यायला उशीर झाला तर दारात उभी राहायची, की कुठल्या बाईकडे गेला होतास म्हणून."

आपल्या घरची रीत जगावेगळी, असं प्रत्येक घराला वाटत असतं. गथोनीच्या घरालाही पिढ्यान्‌पिढ्या तसंच वाटत आलं होतं.

ती सिमियूकडे वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बाभळीखालून हाक आली तेव्हा क्षणभर फसलो," तो म्हणाला. "मग घरची आजी आठवली, आणि त्यांचा तो उन्हातही सगळी बटणं लावलेला कोट पाहिला."

"आणि तरी दिवसभर शोशो, शोशो? दातांना झेपेल का?"

"ते जरा जास्त झालं." दातांमधली फट दिसली आणि लगेच नाहीशी झाली. तो हळू बोलायला लागला. "मी विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. त्यांच्यासमोर. तुम्ही ते म्हणायचं टाळत होता, हे मला दिसत होतं. का, ते माहीत नव्हतं... पण कारण मोठंच असणार, एवढं कळत होतं. म्हणून नाही विचारलं."

 दिवसभर तिला वाटत होतं की हा आपल्याला चिडवतोय. आणि दिवसभर हा तिचा शब्द सांभाळत होता, तिच्याइतकाच.

"मग तसेच निघून चालला होतात?" तिनं विचारलं. 

"कुठं?" सिमियूनं खिशातून गाडीची किल्ली काढून दाखवली. "बहिणीकडून मघाशीच मागून घेतली. ही सगळी मंडळी पाच मिनिटं झाली माझ्या नावानं खडे फोडताहेत. मी तुमची वाट बघत होतो."

"आणि मी आले नसते तर?"

"तर हरवली म्हणून सांगितलं असतं. रात्री बबूनबरोबर झोपलो असतो सगळे."

नेलिमानं कपाळावर हात मारला. गथोनी हसत होती, आणि हसता हसता रडतही होती, आणि पायाचा चिखल वाळून तडतडत होता. त्यानं खाली वाकून तिच्या त्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःच जाऊन रुतलेली चप्पल उपसून आणली. शुभ्र शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या. चप्पल तिच्यापुढं ठेवून तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"मला आवडलात तुम्ही," तो म्हणाला. "पहिल्या चपातीपासून. आता सांगायला हरकत नाही ना?"

"हरकत नाही," गथोनी म्हणाली. नावाला जागून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ती लाजली.

काठावर गुका आत्याच्या आधारानं उभे होते. पक्षी आपले वाकून खात होते.

बटाटे काढून होईपर्यंत थांबू या, असं या वेळी गुकांनी म्हटलं नाही. ऑगस्टमध्ये किटालेची मंडळी गथोनीला मागणी घालायला घाट चढून ओल कलाऊला आली. शेळ्या आल्या, घोंगड्या आल्या, कोंबड्या तर आल्याच. आणि त्यांच्याबरोबर सिमियूची आजी आली, कंबरेत वाकलेली, पण जीभ सरळ आणि धारदार. दोन्हीकडची वडील माणसं गंभीर होऊन बोलायला बसली, तेवढ्यात तिनं काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"माझ्या नवऱ्याला दुसरी करून देताय," ती म्हणाली, "आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

अंगणात हसू फुटलं. गुकांनी घसा खाकरला. "माझं तरी काय वेगळं आहे? माझी बायको घेऊन चाललेत, आणि वर मलाच जेवायला वाढायला सांगतात."

"मग आपण दोघांनी कुठं जायचं?"

"ये, इथं सावलीत बस. ऊन फार आहे."

ती जाऊन त्यांच्याशेजारी बसली. टाकलेला नवरा आणि टाकलेली बायको, दोघंही मजेत. तिला रोहित पक्ष्यांबद्दल विचारायचं होतं आणि गुकांना सांगायचं होतं. दोघांची भाषा वेगळी, दोघांची स्वाहिली मोडकी, पण गप्पा काही थांबल्या नाहीत.

शेवटी ती वेळ आली. गथोनीला घरातून बोलावून अंगणाच्या मधोमध उभं केलं. किटालेच्या मंडळींनी आणलेल्या मधाच्या दारूचा भोपळा मधे ठेवला होता. ही दारू मुलीनं हो म्हटल्याशिवाय कुणी चाखत नाही. तिनं नाही म्हटलं, तर आणलेलं सगळं आल्या पावली परत जातं. धाकट्या काकांनी उठून रिवाजाप्रमाणे विचारलं.

"गथोनी, तुझ्यासाठी हे लोक आलेत. ही प्यायची का आम्ही?"

गथोनीनं गुकांकडे पाहिलं. आयुष्यभर ते ज्या हाकेनं तिला बोलवत आले होते, ती हाक आता या अंगणात कुणी मारणार नव्हतं. गुकांनाही ते कळत होतं. ते तिच्याकडे बघत होते, डोळे ओले, आणि ओठांवर हसू, त्या दिवशी तळ्यावर होतं तसं. त्यांनी मान किंचित हलवली. उत्तर सांगायला नव्हे, नुसतं ऐकतोय म्हणून.

मग तिनं सिमियूकडे पाहिलं. त्यानं हातातली वाटी खाली ठेवली होती.

"प्या," गथोनी म्हणाली. "सगळ्यांनी प्या. आणि आधी माझ्या आजोबांना द्या."